डोंगरगडची पहाडी: कोणी रोपवेने जायचं, कोणी पायऱ्यांनी

गोंदिया जिल्ह्यातल्या आमगाव-सालेकसा पट्ट्यात, छत्तीसगडातल्या डोंगरगडला पहाडीवरच्या बम्लेश्वरी देवीच्या दर्शनाला गेला नाही असा माणूस विरळाच. आणि डोंगरगडहून आल्यावर दोन दिवस उठता-बसता भिंत धरली नाही, असाही विरळाच. दरवर्षी आमच्या गावातून तीन-चार टोळ्या जातात. बचत गटाच्या बाया जातात, नवस फेडायला जाणारे असतात, नवी सून घेऊन जाणारे असतात. मी त्यातल्या बऱ्याच टोळ्यांबरोबर पिशव्या सांभाळायला गेलो आहे आणि दर वेळी तीच चूक पाहिली आहे.

चूक अशी. घरातल्या म्हातारीला रोपवेने वर नेतात, कारण तिला चढवत नाही. दर्शन झालं की कोणी तरी म्हणतं, "उतरायला काय लागते? पैसे कायले घालवता?" मग त्याच म्हातारीला हजारावर पायऱ्या उतरवतात. पायथ्याशी येईस्तोवर तिचे गुडघे सुपासारखे फुगलेले असतात.

बाकीच्या चुका लहान आहेत, पण त्याही एकीला एक लागून येतात. म्हणून हा लेख आठवडाभर आधीपासून सुरू होतो, पहाडीच्या पायथ्यापासून नाही.

१. आधी माणसं निवडा (आठवडाभर आधी)

कोण कोण येणार याची यादी करताना वय लिहू नका. दोनच गोष्टी विचारा: चढताना दम लागतो का, आणि उतरताना गुडघा दुखतो का? ही दोन वेगळी दुखणी आहेत आणि त्यांचे उपायही उलटे आहेत.

चढताना काम पडतं ते हृदयाला आणि फुफ्फुसाला. आपलं सगळं वजन आपणच वर उचलत असतो. उतरताना दम लागत नाही, पण प्रत्येक पायरीला अंगाचं वजन खाली पडतं आणि मांडीचे स्नायू ब्रेकसारखे ताणून ते झेलतात. तो दाब गुडघ्याच्या वाटीवर येतो. त्यामुळे:

दम लागणाऱ्यांनी, बीपी किंवा हृदयाची गोळी चालू असणाऱ्यांनी, दमेकऱ्यांनी वर जाताना रोपवे घ्यावा. गुडघे धड असतील तर ते सावकाश उतरू शकतात.

गुडघेदुखीवाल्यांनी येताना रोपवे घ्यावा. एकाच बाजूचे पैसे खर्च करायचे असतील तर ते उतरण्यावर करा. चढणं त्यांना थांबत-थांबत जमतं, असा माझा अनुभव आहे.

दोन्ही दुखणी असतील, किंवा पोटुशी बाई असेल, तर दोन्ही वेळा रोपवे. यात काटकसर नको. पोटुशी असेल तर निघण्याआधी डॉक्टरलाही विचारून घ्या.

आपल्या भागात आणखी एक गोष्ट विचारावीच लागते, ती म्हणजे सिकलसेल, रक्ताचा आनुवंशिक आजार. घरात कोणी एसएस पॅटर्नचं, म्हणजे नुसतं वाहक नसून आजारच असलेलं, असेल तर अंगातलं पाणी कमी होणं, अति दमणं आणि ऊन या तिन्ही गोष्टींनी त्याला दुखण्याचा झटका येऊ शकतो. अशा पोरापोरींना "जवान आहे, चढल" म्हणून पायऱ्यांवर घालू नका. डॉक्टरचा सल्ला घ्या, दोन्ही वेळा रोपवे आणि तासाला पाणी, आणि रोजच्या गोळ्या सोबत.

*तपासून पाहा:* गावातल्या शाळेच्या किंवा ग्रामपंचायतीच्या जिन्यावर प्रत्येकाला एकदा चढवा-उतरवा. चढताना बोलता येत नसेल तर तो रोपवेने वर. उतरताना कठडा धरल्याशिवाय पाय पुढे पडत नसेल तर तो रोपवेने खाली. पाच मिनिटांचं काम आहे, पण लोक ते करत नाहीत आणि मग पहाडीवर भांडतात.

२. दिवस ठरवा

चैत्र आणि अश्विन, दोन्ही नवरात्रांत डोंगरगडला मोठी जत्रा भरते. नवसच त्या दिवसांचा असेल तर जा, पण तेव्हा रोपवेचा भरवसा धरू नका. रांग इतकी लांब असते की तितक्या वेळात पायऱ्या चढून होतात. नुसतं दर्शन आणि पहाडी पाहायची असेल तर नोव्हेंबर ते फेब्रुवारीतला कोणताही मधला वार धरा. रविवार टाळा.

एप्रिल-मे मध्ये जाणं म्हणजे तव्यावर पाय ठेवणं. जायचंच असेल तर सकाळी दहाच्या आत खाली आलेलं बरं. अवकाळीच्या दिवसांत दुपारनंतर वारा आणि विजा येतात, आणि जोराच्या वाऱ्यात रोपवे थांबवतात. निघायच्या सकाळी मोबाईलवर दामिनी ॲप पाहा, आपल्या आसपास वीज पडण्याची शक्यता असेल तर ते दाखवतं. पावसाळ्यात पहाडी हिरवीगार असते, पण पायऱ्यांवर शेवाळ धरतं. म्हाताऱ्यांना घेऊन त्या दिवसांत जाऊ नये, असं माझं मत आहे.

३. गाडी आणि तिकीट

सगळ्यांत सोपी वाट रेल्वेची. गोंदिया ते डोंगरगड हे अंतर पाऊणशे किलोमीटरच्या आसपास आहे. आमगाव, सालेकसा, दरेकसा करत लोकल जंगलातून जाते, बोरतलाव आलं की छत्तीसगड लागलं. लोकल सकाळची धरा. दहा वाजताच्या गाडीने निघालेली टोळी दुपारी एकला पायथ्याशी पोहोचते आणि मग दिवसभर उन्हाशी झगडते.

या मार्गावर लाईनची कामं चालू असली की गाड्या रद्द होतात किंवा तासन्‌तास उशिरा धावतात. आदल्या रात्री आणि निघताना, दोन वेळा रेल्वेच्या चौकशीला, १३९ वर, फोन करून विचारा. "काल होती तर आजही असल" यावर आमची एक आख्खी टोळी आमगाव स्टेशनावरच जेवणाचे डबे सोडून बसली होती.

तिकिटात तीन ठिकाणी लोक फसतात.

पहिलं, एसटीची सवय. महिलांना अर्धं तिकीट आणि पंच्याहत्तरीपुढच्यांना फुकट प्रवास, ही सवलत एसटीची आहे आणि तीही राज्याच्या हद्दीपुरती. रेल्वेत ती चालत नाही. रेल्वेची स्वतःची ज्येष्ठांची सवलत मार्च २०२० मध्ये बंद झाली. म्हणून आजोबांचं तिकीटही पूर्ण धरा.

दुसरं, परतीचं तिकीट. गर्दी टाळायला म्हणून काही हुशार माणसं डोंगरगडला उतरल्या उतरल्या परतीचं साधं तिकीट काढून खिशात ठेवतात. दोनशे किलोमीटरच्या आतलं जनरलचं तिकीट काढल्यापासून तीन तासांत, किंवा त्यानंतर सुटणाऱ्या पहिल्या गाडीने प्रवास सुरू केला तरच चालतं. सकाळी नऊचं तिकीट संध्याकाळी पाचला रद्दी आहे. परतीचं तिकीट परततानाच काढा.

तिसरं, लोकलचं तिकीट घेऊन समोर आलेल्या एक्स्प्रेसमध्ये चढणं. पकडलं तर भाड्याच्या वर कमीत कमी २५० रुपये दंड, आणि तोही माणशी. दहा जणांची टोळी असेल तर हिशोब तुम्हीच करा.

गाडीने जाणाऱ्यांसाठी: नागपूर-भंडाऱ्याकडून येणारे देवरीवरून महामार्गाने चिचोल्याला वळतात. सालेकसा-दरेकसा रस्ता जवळचा आणि देखणा आहे, पण जंगलातला आहे. त्यावर अंधार पडायच्या आत परत या.

*सावधान:* पिकअपच्या डाल्यात सतरंजी टाकून वीस माणसं बसवू नका. घाटवळणावर डाल्यातली माणसं एकमेकांवर पडतात, आणि मालवाहू गाडीत माणसं नेली तर विमाही हात वर करतो.

४. पिशवीत काय

माणशी दोन लिटर पाणी. सुवाऱ्या (पुऱ्या) आणि आलूची सुकी भाजी दिवसभर टिकते. वरण-भात डब्यात नेऊ नका, सांडतो आणि उन्हात आंबतो. साखर-मिठाची पुडी, चघळायला गूळ-फुटाणे. उपासाच्या बाया रिकाम्या पोटी चढतात आणि अर्ध्या वाटेत डोळ्यांपुढे अंधारी येते. उपास मोडायचा नसेल तर निघताना साबुदाणा, केळी खाऊनच निघा. शुगरवाल्यांनी गोळी घेऊन उपाशी राहणं तर अजिबात नको.

प्रत्येकाच्या खिशात नाव, गाव आणि घरच्या एकाचा फोन नंबर लिहिलेली चिठ्ठी ठेवा. पोरांच्या तर ठेवाच, फोन न वापरणाऱ्या म्हाताऱ्यांच्याही ठेवा.

सुटे पैसे रोख. काठी असेल तर घरचीच न्या, सवयीची काठी हाताला ओळखीची असते.

आणि एक कापडी पिशवी चपलांसाठी. याचं कारण पुढच्या टप्प्यात.

५. पायथ्याशी: इथे अर्धा तास घालवा

स्टेशनातून बाहेर आल्यावर ऑटोवाले घेरतात. भाडं आधी ठरवा, आणि माणशी की ऑटोचं हेही ठरवा. पायथ्याशी पोहोचलं की लगेच रांगेत घुसायची घाई सगळ्यांना होते. तसं करू नका. आधी ही चार कामं करा.

चपला. पायऱ्या सुरू होतात ती जागा आणि रोपवेचं स्टेशन, ही एकच जागा नाही. तुम्ही रोपवेपाशी चपला ठेवल्या आणि पायऱ्यांनी उतरलात, की चपला एका बाजूला आणि तुम्ही दुसऱ्या. माझी मामी एप्रिलमध्ये अशीच अनवाणी डांबरावरून चालली, आणि तळपायाला आलेले फोड आठवडाभर राहिले. एका बाजूने जाऊन दुसऱ्या बाजूने येणाऱ्यांनी चपला कापडी पिशवीत घालून सोबत न्याव्यात आणि वर देवळाजवळ काढाव्यात. नवस अनवाणी चढायचा असेल तरी पिशवी पाठीवर असू द्या, उतरताना लागेल.

भेटायची जागा. टोळी फुटणारच आहे, काही रोपवेने तर काही पायऱ्यांनी. म्हणून दोन जागा ठरवा, एक वर आणि एक खाली, आणि सगळ्यांना त्या नीट सांगा. "देवळाजवळ भेटू" ही जागा नव्हे, देवळाजवळ पाचशे माणसं असतात. वर पोहोचणारी पहिली जोडी रोपवेच्या वरच्या स्टेशनाच्या दारात थांबेल, असं नेमकं ठरवा. रोपवेने पोहोचायला थोडी मिनिटं लागतात, पायऱ्यांना सावकाश चालणाऱ्याला तास सव्वातास. हा फरक लक्षात न घेता वरची माणसं घाबरून खाली येतात, खालची वर जातात, आणि खेळ दोन तास चालतो. आमच्या वेळी मामीचा फोन मामाजींच्या खिशात होता आणि मामाजी पायऱ्यांवर होते.

जोड्या. फोन असलेला एक आणि नसलेला एक अशी जोडी लावा.

चौकशी. तिकीट खिडकीवर तीन प्रश्न विचारा: दुपारी रोपवे किती वेळ बंद असतो? खाली येणारी शेवटची ट्रॉली किती वाजता? येण्या-जाण्याचं एकत्र तिकीट मिळतं का? छत्तीसगडी-हिंदी ऐकून बावरू नका, आपल्याकडच्या बोलीशी ती सख्ख्या बहिणीसारखी आहे.

*तपासून पाहा:* शेवटच्या ट्रॉलीची वेळ टोळीतल्या प्रत्येकाला पाठ आहे का? गुडघेवाल्यांसाठी हीच वेळ सगळ्यांत महत्त्वाची आहे. ती चुकली की हजार पायऱ्या.

६. रोपवेत

ट्रॉली थांबलेली असो की हळू सरकत असो, कर्मचाऱ्याने हात दाखवेपर्यंत पाय उचलू नका. पदर, ओढणी, पिशवीचे बंद पोटाशी घ्या. आधी धडधाकट माणूस आत, मग म्हातारं माणूस, मग पोर, आणि शेवटी दुसरा धडधाकट. उतरताना उलटं. दोन्ही बाजूंनी वजन सारखं बसवा. चौघी एका बाजूला बसून फोटो काढायला वाकल्या की ट्रॉली झुलते, आणि झुलली की त्याच चौघी किंचाळतात.

दार बंद झालं की त्याला टेकू नका आणि हाताळू नका. मध्येच ट्रॉली थांबली तर घाबरण्याचं कारण नसतं. ट्रॉल्या एका दोराला बांधलेल्या असतात, खाली कोणी चढताना अडखळलं तरी मधल्या ट्रॉल्या थांबतात. वीज गेली तरी थांबतात. गप्प बसा, हलवू नका, काचेतून डोकं काढू नका.

आता स्पष्टच सांगतो. रोपवेचे अपघात होतात. १० एप्रिल २०२२ रोजी झारखंडमध्ये देवघरजवळच्या त्रिकूट पहाडावर रोपवे बिघडला तेव्हा माणसं ४० तासांहून जास्त वेळ हवेत अडकली होती, हेलिकॉप्टर आणावी लागली. डोंगरगडलाही एप्रिल २०२५ मध्ये ट्रॉली घसरून काही जण जखमी झाले. म्हणून रोपवेच नको असं माझं म्हणणं नाही, पण पाण्याची बाटली आणि गोळ्यांची पुडी ट्रॉलीत आपल्याजवळ ठेवा, पायऱ्यांनी चढणाऱ्या पोराच्या पाठीवर देऊ नका. क्षमतेपेक्षा जास्त माणसं बसवत असतील तर पुढच्या ट्रॉलीला थांबा. आभाळ काळं झालं असेल, वारा सुटला असेल, तर रोपवे चालू असला तरी तुम्ही थांबा.

७. वर

रोपवे देवळाच्या दारात सोडत नाही. उतरल्यावर काही पायऱ्या राहतात, हे म्हातारीला आधीच सांगून ठेवा, नाहीतर तिथेच बसून घेते. दर्शनाआधी दहा मिनिटं सावलीत बसा, पाणी प्या.

माकडांपुढे प्लास्टिकची पिशवी दिसली की ती गेलीच. नारळ, प्रसाद, चष्मा, सगळं झाकलेल्या झोळ्यात ठेवा. हिसकलंच तर ओढाताण करू नका, नारळ दहा-वीस रुपयांचा आणि माकड चावलं तर सुई पाच वेळा.

वरून गाव, तलाव आणि रेल्वेलाईन एका नजरेत दिसतात. फोटो कठड्याच्या आतूनच काढा.

८. पायऱ्या उतरताना

घाई इथेच होते, कारण वाटतं की झालं आता. धडधाकट पोरं दोन-दोन पायऱ्या उड्या मारत येतात. दुसऱ्या दिवशी पोटऱ्या धरून बसणारी तीच.

उतरायच्या आधी पुन्हा एकदा विचारा, कोणाला गुडघा जाणवतो का? सकाळी ठीक असलेला गुडघा चढून आल्यावर बोलू लागतो. त्याला आत्ताच रोपवेकडे वळवा. अर्ध्या वाटेत रोपवे नाही.

पाऊल लहान ठेवा. गुडघा ताठ करून आपटू नका, किंचित वाकलेला असू द्या. भिंतीच्या किंवा कठड्याच्या बाजूने चाला, मधून नको. एक पाय दुखरा असेल तर खाली जाताना दुखरा पाय आधी टाका, वर चढताना चांगला पाय आधी. काठी दुखऱ्या पायाच्या उलट्या हातात. उंच पायरीला तोंड समोर न ठेवता आडव्या अंगाने उतरा. पन्नासेक पायऱ्यांनी थांबा, थांबायला बसलंच पाहिजे असं नाही. मांड्या थरथरू लागल्या की मात्र बसा. थरथरणाऱ्या पायांनी शेवटच्या पायऱ्या उतरतानाच माणसं पडतात.

नारळाचं पाणी आणि तेल सांडलेल्या पायऱ्या गुळगुळीत असतात. उन्हाळ्यात दगड तापतो, चपला आता पायात घाला.

*सावधान:* छातीत दाब, घाम फुटून अंग गार पडणं, बोलताना शब्द अडखळणं, यातलं काही झालं तर "थोडं बसू दे, बरं वाटेल" म्हणू नका. १०८ छत्तीसगडातही चालतो. बसवून ठेवा, एकाने फोन करावा, एकाने खाली धावावं.

९. दुसरी टेकडी: प्रज्ञागिरी

बहुतेक टोळ्या इथूनच परततात. वेळ आणि पाय शिल्लक असतील तर प्रज्ञागिरी चुकवू नका. टेकडीवर बुद्धाची मोठी मूर्ती आहे आणि पायऱ्या सव्वादोनशेच्या आसपास. ६ फेब्रुवारीला इथे विदर्भातून मोठ्या संख्येने लोक येतात, त्या दिवशी जाणाऱ्यांनी गर्दी धरूनच निघावं.

क्रम मात्र उलटा करू नका. सकाळच्या थंडीत प्रज्ञागिरी चढून दुपारी बम्लेश्वरीला येणारे ऊन आणि रोपवेची दुपारची सुट्टी दोन्ही अंगावर घेतात. मोठी पहाडी सकाळी, जेवण आणि झोप पायथ्याच्या सावलीत, ही छोटी टेकडी चारनंतर. सकाळी दोन्ही वेळा रोपवे घेतलेल्या माणसालाही बहुधा ही जमते. ज्याचे गुडघे सकाळीच बोलले त्याला खाली चहा पाजत बसवा.

१०. परत

शेवटच्या लोकलवर भिस्त ठेवू नका, त्याच्या आधीची धरा. स्टेशनवर आल्यावर माणसं मोजा, मग तिकीट काढा. रात्री घरी गेल्यावर पाय कोमट पाण्यात ठेवा. दुसऱ्या दिवशी दिवसभर खाटेवर पडून राहू नका, आंगणात चार चकरा मारा. पोटऱ्या दुखतील, त्या दोन-तीन दिवसांत जातात. गुडघा लाल, गरम आणि सुजलेला असेल तर तेल रगडून घेऊ नका, पाय उशीवर ठेवून गार पाण्याची पट्टी लावा आणि दोन दिवसांत उतरलं नाही तर दवाखाना गाठा.